रेंजफाइंडर कॅमेरा, फिल्म आणि आपली तालीम: कोल्हापुरात अजून कुणी वापरतंय का?

संध्यामठ
रविवार, रात्री १०:१५

मंडळी, बऱ्याच दिवसांपासून लिहायचं मनात होतं. आज दुपारी बाथरूममध्ये वाळत टांगलेल्या फिल्मवर भिंग धरून एक निगेटिव्ह बघितलं आणि म्हटलं, आता लिहितोच.

आमच्या पेठेतल्या तालमीत मी दर रविवारी सकाळी जातो. सातच्या सुमाराला वरच्या झरोक्यातून उजेडाचा एक पट्टा हौद्यात उतरतो. ताक, हळद, तेल, लिंबू घालून मऊ केलेली तांबडी माती त्या पट्ट्यात जरा उजळते, बाकी सगळा अंधारच. पोरं जोर करत असतात. दोघांची खडाखडी चाललेली, मानेवर हात, डोकं डोक्याला लागलेलं. माझ्याकडे कॅनन पी, त्यावर ५० मिमीची लेन्स, आत ४०० ची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म. शटर १/३० सेकंद, अपर्चर (लेन्सचं आतलं तोंड) २ वर, पूर्ण उघडं. एवढ्या उजेडात याच्या पलीकडे जाता येत नाही.

कॅनन पीच्या खिडकीतून जग आहे तेवढंच दिसतं, लहान होत नाही. त्यामुळे उजवा डोळा खिडकीला आणि डावा उघडा ठेवला तरी दोन्ही चित्रं एकावर एक बसतात आणि तालमीच्या मधोमध एक पांढरी चौकट हवेत टांगल्यासारखी दिसते. परवा त्या चौकटीत दोन पोरं होती. चौकटीच्या डावीकडे, म्हणजे फोटोत न येणाऱ्या जागेत, वस्ताद उभे होते. त्यांचा हात उठला ते मला दिसलं. मी थांबलो. हात चौकटीच्या रेषेपर्यंत आला, रेषा ओलांडून आत आला, आणि दोन बोटं त्या पोराच्या मानेला लागली तेव्हा मी बटण दाबलं. दाबतानाही सगळं दिसत होतं.

निगेटिव्हमध्ये ती दोन बोटं आहेत. वस्ताद नाहीत, फक्त मनगटापर्यंतचा हात. पोरानं मान किंचित खाली केली आहे.

हा फोटो मला दुसऱ्या कुठल्या कॅमेऱ्यानं मिळाला नसता असं मला मनापासून वाटतं. म्हणून विचारतो, कोल्हापुरात, इचलकरंजीत, सांगलीत, कुठंही, अजून कुणी रेंजफाइंडर वापरतंय का? असाल तर लिहा. कपाटात एखादा पडून असेल तरी लिहा.

गंगावेस_दूधकट्टा
रविवार, रात्री १०:५०

वाचता वाचता तालमीच्या मातीचा वास आला बघा. पण दादा, रेंजफाइंडर म्हणजे नक्की काय ते आम्हा अडाण्यांना जरा सांगा. मी आजवर एसएलआर आणि मोबाईल एवढंच बघितलंय.

संध्यामठ
रविवार, रात्री ११:३०

सांगतो की. एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच बघतो, आत आरसा असतो. बटण दाबलं की आरसा वर जातो आणि नेमक्या त्या क्षणी आपल्याला काळोख दिसतो. रेंजफाइंडरला आरसाच नाही. बघायची खिडकी वेगळी, लेन्स वेगळी.

मग फोकस कसा लागतो? तर कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला एकमेकींपासून थोड्या अंतरावर दोन खिडक्या असतात. आपल्या दोन डोळ्यांसारख्या. दुसऱ्या खिडकीतलं चित्र मुख्य चित्राच्या मधोमध एका छोट्या ठिपक्यात दिसतं. फोकस नसेल तर तिथं वस्तू दोन दिसतात. माणसाला दोन नाकं, खांबाला दोन कडा. लेन्सची रिंग फिरवत गेलं की ती दोन चित्रं सरकत सरकत एकमेकांवर येतात. एक झाली की फोकस लागला. शाळेत त्रिकोणमिती शिकलो ना, एक पाया आणि दोन कोन माहीत असले की अंतर काढता येतं, तेच गणित इथं एक छोटासा फिरणारा आरसा करतो.

दोन खिडक्यांतलं अंतर जितकं जास्त तितका फोकस अचूक. लायका एम३ मध्ये ते ६८.५ मिमी आहे आणि खिडकीतलं चित्र ०.९१ पट दिसतं. दोन्हींचा गुणाकार सुमारे ६२ मिमी, हाच त्या कॅमेऱ्याचा खरा पाया. एम३ आला १९५४ मध्ये आणि आजही लोक त्या खिडकीची शपथ घेतात. मी एकदाच मुंबईत एकाच्या हातातला घेऊन डोळ्याला लावला होता. परत करताना जिवावर आलं.

इतिहासाचं थोडक्यात. ऑस्कर बार्नाकनं सिनेमाची ३५ मिमी फिल्म स्थिर फोटोसाठी वापरायचा छोटा कॅमेरा केला, तो लायका म्हणून १९२५ मध्ये बाजारात आला. त्यात रेंजफाइंडर नव्हता, अंतर अंदाजानं लावायचं. लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर १९३२ च्या लायका २ मध्ये आला. त्यानंतर जर्मनांनी, रशियनांनी, जपान्यांनी तऱ्हेतऱ्हेचे केले.

लेथवाला_उद्यमनगर
सोमवार, सकाळी ७:०५

संध्यामठ दादा, तुमच्या त्या लेन्सचं मागचं झाकण मीच करून दिलं होतं, आठवतंय का? त्याची गोष्ट सांगतो, कारण ती मला आजवर विसरता आलेली नाही.

दादा दुकानात आले, म्हणाले या आट्यांना एम३९ म्हणतात, व्यास ३९ मिमी, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १. सोपं काम. डेलरिनचा (कडक प्लास्टिकचा) तुकडा लावला, १ मिमीचे आटे कापले. झाकण दीड फेरा गेलं आणि अडकलं. मला वाटलं व्यास चुकला. परत मोजलं, बरोबर. तरी भिडेना. शेवटी थ्रेड गेज (आटे तपासायच्या दातेरी पात्या) काढलं आणि लेन्सच्या आट्यावर उजेडात धरलं. १ च्या पातीला पहिले दोन दात बसतात, पुढं उजेड दिसतो. मग इंची पाती लावून बघितल्या. २६ टीपीआयची, म्हणजे इंचाला २६ आट्यांची, पाती अशी बसली की मधून केसभरसुद्धा उजेड नाही.

म्हणजे पिच ०.९७७. एका फेऱ्याला ०.०२३ मिमीचा फरक. चार फेऱ्यांत जवळपास ०.०९. लेन्सला तेवढा पुरतो अडकायला. गियर बदलले, २६ चे आटे कापले, झाकण बोटानं फिरवलं तर लोण्यातून गेल्यासारखं गेलं.

जर्मन कंपनी आणि इंची आटे, हे कसं, म्हणून मी नंतर शोधलं. लायका करणारी लाइट्झ मुळात मायक्रोस्कोपवाली. मायक्रोस्कोपच्या ऑब्जेक्टिव्हचे (वस्तूकडच्या लेन्सचे) आटे आजही बऱ्याचदा इंची मापाचे असतात. तेव्हा लक्षात आलं की हे काम आपल्याच जातकुळीचं आहे. कॅमेरा म्हणजे शेवटी टर्निंग, मिलिंग आणि फिटिंग.

आणि हे कोल्हापुरात कुणी सांगायची गरज नाही. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, रोज त्यावरून जातो आपण. बाबूराव आणि आनंदराव पेंटर यांनी कॅमेरा इथंच, या गावात करायला घेतला. आनंदराव १९१६ ला गेले. तरी बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन तो पुरा केला आणि त्यावर सिनेमे काढले. ‘सैरंध्री’ १९२० ची. ना सीएनसी, ना इंटरनेटवर ड्रॉइंग. सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्म दर वेळी एकच घर सरकून थांबली पाहिजे, हललेली चालत नाही. ते हातानं जमवलं म्हणजे काय फिटिंग असेल! मी स्तंभापाशी गाडी हळू करतो, इतकं सांगतो.

संध्यामठ
सोमवार, सकाळी ८:४०

भावा, तुझं झाकण सहा वर्षं झाली, अजून तसंच आहे. आणि बाबूरावांचं लिहिलंस ते फार बरं केलंस. आपल्याकडे त्यांच्या सिनेमांबद्दल बोललं जातं, त्या यंत्राबद्दल कमी. बाबूराव गेले १९५४ मध्ये, एम३ आला त्याच वर्षी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही हे कळतं, पण मला ते साल तेव्हापासून तसंच लक्षात राहिलंय.

सासनकाठी
सोमवार, दुपारी १:२०

विषय आवडला, पण थोडं विरोधात बोलतो. मी गेली कित्येक वर्षं चैत्रात जोतिबाला निकॉन एफएम२ घेऊन जातो. गुलालात डोंगर बुडालेला असतो, शंभर फुटांवर सासनकाठी वळते, मला तिथला एका माणसाचा चेहरा पाहिजे असतो. १३५ ची लेन्स लावतो आणि घेतो. रेंजफाइंडरच्या खिडकीत १३५ ची चौकट पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसते. त्यात चेहरा काय दिसणार? जवळचं फूल, किडा घ्यायचा म्हटलं तरी हे कॅमेरे साधारण एक मीटरच्या आत येत नाहीत.

दुसरं, डावा डोळा उघडा ठेवायला एसएलआर कुठं अडवतो? मी ठेवतो.

संध्यामठ
सोमवार, रात्री ९:१०

जोतिबाला मीही एसएलआरच नेईन. लांबचा चेहरा, जवळचं फूल, दोन्ही रेंजफाइंडरची कामं नव्हेत, यात वाद नाही.

डाव्या डोळ्याचंही खरं आहे, ५० च्या लेन्सला जमतं. पण लेन्स बदलली की एसएलआरच्या खिडकीतलं चित्र लहानमोठं होतं आणि दोन डोळ्यांचा मेळ तुटतो. माझ्या खिडकीत लेन्स कुठलीही असो, जग तेवढंच राहतं, चौकट बदलते. अंधारात तर फरक फारच जाणवतो. एसएलआरला अपर्चर मोठं नसेल तर काच काळी पडते, फोकस कुठं आहे कळत नाही. रेंजफाइंडरचा ठिपका लेन्सवर अवलंबून नाही. ३५ ची लेन्स लावा, अपर्चर कितीही असो, ठिपका तेवढाच उजळ आणि तेवढाच नेमका.

आणि तो काळोख. एसएलआरमध्ये जो क्षण फिल्मवर गेला तो तुम्ही स्वतः बघितलेला नसतो. मला तो बघायचा असतो. वस्तादांची बोटं टेकलेली मी बघितली. फिल्म धुवायच्या आधी मला माहीत होतं की ती आहेत.

माहेर_मंगळवार_पेठ
सोमवार, रात्री ११:०५

नमस्कार. मी आता पुण्याला असते, पण धाग्याचं नाव वाचून थांबले.

बाबांचा याशिका इलेक्ट्रो ३५ माझ्याकडे आहे. आमच्या लहानपणचे रंकाळ्यावरचे सगळे फोटो त्यातलेच. बाबा गेल्यापासून कपाटात होता. परवा काढला तर बटण दाबल्यावर आवाज येतो, पण दिवे लागत नाहीत. इथल्या एका दुकानात दाखवला, त्यांनी हातात न घेताच सांगितलं की याच्या बॅटऱ्या बंद झाल्या, शोपीस म्हणून ठेवा. मला तो शोपीस म्हणून ठेवायचा नाहीये. काही होण्यासारखं आहे का?

संध्यामठ
मंगळवार, सकाळी ६:३०

ताई, शोपीस अजिबात ठेवू नका. इलेक्ट्रो १९६६ पासूनचा, आणि त्याची ४५ मिमी १.७ ची लेन्स फार गोड आहे. शांतपणे एकेक गोष्ट बघू.

बॅटरी: मूळची ५.६ व्होल्टची, पाऱ्याची, ती आता मिळत नाही हे खरं. पण ६ व्होल्टची ४एलआर४४ चालते. एवढ्या फरकाचं त्या सर्किटला काही वाटत नाही. फक्त ती मूळच्यापेक्षा बारीक आणि आखूड आहे. म्हणून भोवती जाड कागदाची नळी करा आणि उरलेल्या लांबीत स्प्रिंग किंवा धातूचा ठोकळा बसवा. त्याआधी बॅटरीच्या घरात हिरवट-पांढरा थर आहे का बघा. असेल तर इअरबडला व्हिनेगर लावून हलक्या हातानं पुसा, वाळू द्या.

बॅटरी नसताना शटर एकाच वेगानं चालतं, १/५०० नं. तुम्हाला आवाज येतो तो त्याचा. म्हणजे शटर जिवंत आहे.

आता महत्त्वाचं. फिल्म पुढं नेण्याचा लिव्हर सावकाश फिरवा आणि कान द्या. आतून एक ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. आत रबराची एक छोटी गादी असते, वयामुळं ती विरघळते, आणि मग हा आवाज येत नाही, वेगही नीट लागत नाही. तसं असेल तर कॅमेरा उघडून गादी बदलावी लागते. होण्यासारखं काम आहे.

मागच्या दाराच्या खाचांत काळं चिकट काही लागलं तर तो उजेड अडवायचा जुना फोम. स्पिरिटनं काढून टाका, त्या जागी काळी लोकर बसवा.

लेथवाला_उद्यमनगर
मंगळवार, सकाळी ७:१५

ताई, बॅटरीच्या घराची खोली आणि व्यास मोजून कळवा. पितळेचा ठोकळा टर्न करून पाठवतो. पैसे नकोत.

नवा_रोल
मंगळवार, दुपारी ४:००

मी कॉलेजला आहे. लायका माझ्या आवाक्यातलं नाही. झॉर्की ४ बघितलाय एका ठिकाणी, ज्युपिटर-८ लेन्सबरोबर. घेऊ का? आणि खरं सांगा, मोबाईल असताना हे सगळं का करता?

संध्यामठ
मंगळवार, रात्री १०:००

झॉर्की ४ हाच माझा पहिला. लक्ष्मीपुरीतला एक जुना स्टुडिओ बंद होताना तिथल्या काकांनी दिला. घे, पण बघून घे. ज्युपिटर-८ ही ५० मिमी २ ची लेन्स, ‘सोनार’ नावाच्या जर्मन लेन्सच्या रचनेवर बेतलेली. चेहरे फार मायेनं काढते. आत टॉर्च मारून बुरशीची जाळी आहे का ते बघ. आणि पुढंमागं ती लेन्स कॅनन किंवा लायकावर लावलीस तर पूर्ण उघड्या अपर्चरला जवळचा फोकस थोडा चुकतो, कारण रशियनांचं लेन्स आणि रेंजफाइंडर जुळवण्याचं माप थोडं वेगळं होतं. झॉर्कीवर ती तिच्या घरीच आहे.

एक नियम गोंदवून घे: आधी फिल्म पुढं न्यायची गुंडी फिरवायची, मगच शटरचा वेग बदलायचा. उलटं केलंस तर आतलं यंत्र बिघडू शकतं.

दुसरा धडा मी नुकसान करून शिकलो. एप्रिलमधली दुपार, रंकाळ्याच्या कठड्यावर झॉर्की ठेवला आणि मित्राशी बोलत बसलो. लेन्सवर झाकण नव्हतं, तोंड आकाशाकडं. घरी येऊन फिल्म धुतली तर प्रत्येक फ्रेमवर एकाच जागी काळा ठिपका. रेंजफाइंडरमध्ये आरसा नसल्यामुळं लेन्स सूर्याचं चित्र थेट शटरच्या कापडी पडद्यावर पाडते. लहानपणी भिंगानं कागद जाळायचो, तसंच. पडद्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. मागचं दार उघडून, समोरून टॉर्च मारून ते शोधलं आणि काळ्या फॅब्रिक पेंटचा एक थेंब काडीच्या टोकानं लावला. रात्रभर वाळू दिला. अजून टिकलाय. कॅनन पीचा पडदा पोलादी पत्र्याचा, तो असा जळत नाही, पण अंगठा लागला की चुरगळतो. तेव्हा झाकण लावायची सवय कर, आणि फोटो घेताना काढायचीही, कारण झाकण असलं तरी खिडकीतून सगळं छान दिसतच राहतं.

मोबाईलचं विचारलंस. मोबाईल मीही वापरतो, पावत्या आणि पोरांचे वाढदिवस त्यातच आहेत. पण रोलमध्ये ३६ फोटो असतात. तालमीत एका सकाळी मी पाच-सहा घेतो. बाकीचा वेळ नुसता बघतो. पोरांना आता माझी सवय झाली आहे, वस्ताद चहा विचारतात. नुसतं बघत उभं राहण्याची ही मुभा मला या कॅमेऱ्यामुळं मिळाली, आणि ती मला फोटोइतकीच प्रिय आहे.

काळापांढरा
बुधवार, सकाळी ९:२५

फिल्म धुण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी रसायनशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त.

बाहेरगावच्या एका लॅबकडे रोल पाठवायचो. एकदा तीन रोल लांबच्या लांब ओरखडे पडून आले, त्यात नातवाच्या बारशाचा एक होता. त्या दिवसापासून घरीच. डी-७६, म्हणजे निगेटिव्हवर चित्र उमटवणारं रसायन (डेव्हलपर), स्वतः करतो. एका लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. पाणी ५० अंशाच्या आसपास. चिमूटभर सल्फाइट आधी, मग मेटॉल, मग उरलेलं सल्फाइट, याच क्रमानं. सल्फाइट सगळं आधी घातलं तर मेटॉल विरघळता विरघळत नाही, आणि चिमूटभरही नसेल तर मेटॉल हवेनं खराब होतं. मोजायला सोनाराकडचा असतो तसला काटा घ्या, स्वयंपाकघरातला चालणार नाही.

आपल्याकडचा प्रश्न तापमानाचा. ट्राय-एक्स या ४०० च्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मला डी-७६ एकास एक पाण्यात २० अंशाला पावणेदहा मिनिटं. एप्रिलमध्ये आपल्या नळाचं पाणी तीस अंशाला असतं. तेवढ्या गरम पाण्यात वेळ इतका कमी होतो की फिल्म एकसारखी धुतली जात नाही, शिवाय दाणा वाढतो. मी परातीत पाणी घेऊन त्यात बर्फाची पिशवी सोडतो, टाकी आणि बाटल्या सगळं त्यातच. थर्मामीटर २० दाखवेपर्यंत थांबायचं. फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुण्याचं पाणीही त्याच्या जवळपास ठेवा. शेवटचं खळबळणं आरओच्या पाण्यानं, नाहीतर वाळल्यावर क्षारांचे डाग राहतात.

पावसाळ्यात लेन्सा जपा. आपल्याकडे जुलैत कपाटातल्या चपला हिरव्या होतात, लेन्सचं काय घेऊन बसलात. हवाबंद डबा, सिलिका जेल, आणि निळं जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर परत निळं करायचं. चामड्याच्या केसमध्ये लेन्स कधीच ठेवू नका, बुरशी तिथूनच येते.

नवा_रोल
बुधवार, रात्री ८:४५

सर, एखाद्या रविवारी बघायला येऊ का?

काळापांढरा
बुधवार, रात्री ९:००

ये. येताना बर्फ आण.

सासनकाठी
गुरुवार, दुपारी १२:३०

संध्यामठ, तालमीत एकदा मलाही न्या. एफएम२ घरी ठेवतो, तुमचा झॉर्की द्या.

संध्यामठ
गुरुवार, रात्री ८:१५

या रविवारी या, पावणेसातला. चपला बाहेर काढायच्या आणि हौद्याच्या काठावर पाय ठेवायचा नाही, एवढंच. झॉर्कीत फिल्म भरून ठेवतो.

माहेर_मंगळवार_पेठ
शनिवार, सकाळी ११:४०

लेथवाला दादा, ठोकळा काल मिळाला. बरोब्बर बसला. बॅटरी घातली, मागचं बटण दाबलं तर फ्रेम मोजायच्या काचेत हिरवा दिवा लागला. बाबा तो दाबून आम्हाला दाखवायचे ते एकदम आठवलं.

लिव्हर सावकाश फिरवून कान दिला. टक असा आवाज आला. तीनदा फिरवून बघितलं, तीनही वेळा आला.

फोकसच्या ठिपक्यात मात्र खांब शेजारी शेजारी न येता एक थोडा वर, एक थोडा खाली दिसतोय. हे दुरुस्त होतं का? पुढच्या शुक्रवारी कोल्हापूरला येतेय, रंकाळ्यावर रोल संपवायचा आहे.

संध्यामठ
शनिवार, दुपारी १२:०५

होतं. वरचं झाकण काढून आतला एक आरसा किंचित हलवावा लागतो. शुक्रवारी संध्याकाळी कॅमेरा घेऊन उद्यमनगरात या, दुकानात बसून करू. तोवर तसाच वापरा. उभी रेघ उभ्या रेघेवर आली की फोकस बरोबरच असतो.